शब्दचर्चा : बेसिंग हाउस — वाडा, गढी की भुईकोट?

जिज्ञासू : इंग्लंडच्या यादवीवरील (राजा विरुद्ध संसद) लेखात हॅम्पशरमधल्या बेसिंग हाउसचा उल्लेख आहे. मालक मार्क्विस ऑफ विंचेस्टर, राजाच्या बाजूचा. सरदाराचे घर म्हणून 'वाडा' लिहिले, पण वाड्याला दोन वर्षे वेढा कसा पडेल? शिवाय 'स्लाइटिंग'ला काय म्हणावे?

खंदक : 'गढी' घ्या. पहिला मार्क्विस विल्यम पॉलेट याने १५३५ च्या सुमारास नॉर्मन काळातल्या जुन्या, मातीच्या वर्तुळाकार बांधावर हे घर उभारले. बाहेरून विटांची भिंत, आत मातीचा भराव, भोवती खोल कोरडा खंदक. मातीत गोळा रुततो, नुसती वीट मात्र फुटते. शेजारचे 'न्यू हाउस' नंतरचे, राहण्यासाठी बांधलेले. त्याला वाडा म्हटले तरी चालेल. एकाच लेखात दोन्ही शब्द आले तर बिघडत नाही, उलट फरक कळतो. भुईकोट नको, त्यात कोट आधी आणि घर नंतर असा अर्थ येतो.

शिबंदी : 'दोन वर्षे वेढा' हेच सैल आहे. नोव्हेंबर १६४३ मध्ये संसदेच्या बाजूच्या वॉलरने केले ते हल्ले. पावसाथंडीत लंडनच्या पलटणी कुरकुरू लागल्या, तो निघून गेला. १६४४ मध्ये संसदेच्याच नॉर्टनने घातला तो खरा वेढा, म्हणजे रसद तोडणे. सप्टेंबरमध्ये राजाच्या बाजूचा कर्नल गेज ऑक्सफर्डहून दारू आणि तोडे घेऊन आत शिरला (तोडा म्हणजे बंदुकीची दारू पेटवायची जळती वात; तोडा संपला की बंदूक म्हणजे काठीच), आणि बेसिंगस्टोकच्या बाजारातून दाणागोटा, गुरे उचलून आत भरली. याला 'वेढा फोडला' म्हणा, 'उठवला' नको, कारण गेज परतताच वेढा पुन्हा आवळला. वेढा उठला तो नोव्हेंबरमध्ये. १६४५ च्या ऑगस्टपासून संसदेच्या डॅल्बियरने तोफा लावल्या, तिथे 'मोर्चे लावले' हाच आपला शब्द.

जिज्ञासू : आणि संसदेचा सेनानी क्रॉमवेल?

खंदक : तो ऑक्टोबरमध्ये मोठ्या तोफा घेऊन आला, त्यांत डेमी-कॅनन होत्या. तिचा गोळा साधारण १२ ते १५ किलोंचा. तटाला खिंडार पडले. १४ ऑक्टोबरला पहाटे चार तोफांचा बार हा इशारा, मग एल्गार. 'भगदाड' चुकीचे नाही, पण तटाच्या बाबतीत खिंडारच शोभते.

शिबंदी : आता 'स्लाइटिंग'. १४ ऑक्टोबरला झाला तो 'पाडाव'. स्लाइटिंग त्यानंतरचे : जागा पुन्हा लढवता येऊ नये अशी करणे. घराला आग लागलीच होती, तरी क्रॉमवेलने संसदेला लिहिले की ही जागा राखायला सुमारे ८०० माणसे लागतील, ती सरहद्दीवर नाही, भोवतालचा मुलूख गरीब आहे, तेव्हा पाडून टाकावी. हिशेब शिबंदीच्या खर्चाचा होता, सूडाचा नव्हे. म्हणून 'उद्ध्वस्त केली' फार ढोबळ. 'गढी निकामी केली' लिहा. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या काही गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, तेही हेच काम.

खंदक : सहमत. फक्त 'जमीनदोस्त' टाळा. संसदेने वीट-दगड ज्याला हवा त्याने वाहून न्यावा असे ठरवले. बांध आणि खंदक आजही दिसतात, आणि विटांचे मोठे कोठार तर अजून उभे आहे.