व्हेसिकलला पीटिका म्हणावं की पुटिका?

विरारफास्ट:
बी.एस्सी.च्या मुलांसाठी पेशीतल्या पटल-वाहतुकीच्या (पटल म्हणजे मेम्ब्रेन, पातळ आवरण) नोट्स मराठीत करतोय. प्रथिनं जिथे बनतात त्या अंतर्द्रव्यजालिकेतून, ती पुढे पाठवणाऱ्या गॉल्गी संकुलाकडे नेणाऱ्या चिमुकल्या पिशव्यांना, म्हणजे व्हेसिकलना, काय म्हणावं? शाळेत ‘पीटिका’ वाचल्याचं आठवतं, हिंदीत ‘पुटिका’ आहे. आणि एकूण कारभाराला ‘वाहतूक नियंत्रण’ चालेल का? (लोकलमध्ये उभ्याने टाइप करतोय, चुका पोटात घाला.)

चौकस:
पीटिका घ्या. त्रिपिटकातला ‘पिटक’ म्हणजे टोपली. डबेवाल्यांचं उदाहरणही देता येईल.

लिंबूटिंबू:
डबेवाले नकोत हो! डबा पोचला तरी डबाच राहतो. ही पिशवी समोरच्या पटलात मिसळते, तिचं कातडं तिथलंच होऊन जातं. ‘पुट’ म्हणजे खोलगट द्रोण. अंजलिपुट म्हणतो ना आपण. पटलच वाकतं, त्याचा द्रोण होतो, तोंड मिटतं आणि तुटून सुटते ती पुटिका.

चौकस:
पण मराठीत पुट म्हणजे थर. पंख्यावर धुळीची पुटं चढतात.

लिंबूटिंबू:
तेही लागू पडतं! जालिकेतून निघताना पटल वाकवायला कॉप-टू प्रथिनांचं पुट चढतं, गॉल्गीतून परतीच्या खेपेला कॉप-वनचं. पुढे ते उतरतंही.
‘नियंत्रण’ मात्र नको. शिट्टी फुंकणारा हवालदार डोळ्यांपुढे येतो, आणि पेशीत तसा कुणी नसतो. रॅब प्रथिनं असतात, माणसात साठाहून जास्त. जीटीपी नावाचा रेणू धरला की चालू, त्यातला एक फॉस्फेट तुटून त्याचा जीडीपी झाला की बंद. कुठल्या पटलावर कुठला रॅब, यावरून मुक्काम ओळखला जातो. म्हणून ‘नियमन’.

विरारफास्ट:
आणि पुटिका समोरच्या पटलात मिसळवणारी स्नेअर प्रथिनं? इंग्रजीत स्नेअर म्हणजे फास, मग ‘फास’ लिहू?

लिंबूटिंबू:
छे, ते लांबलचक नावाचं लघुरूप आहे, फासाशी संबंध नाही. स्नेअरच लिहा, खाली समजवा: पुटिकेवरचे आणि समोरच्या पटलावरचे स्नेअर एकमेकांत पीळ घालतात, चार पेडांचा. त्या ओढीने दोन पटलं भिडून एक होतात. मुली ‘चौपेडी’ म्हटल्यावर लगेच समजतील, मुलांचं तुम्ही बघा.
शास्त्रज्ञ रॉथमन यांनी या जोड्या दाखवल्या. शेकमन यांनी यीस्टचे असे प्रकार शोधले, ज्यांत एकेक जनुक बिघडल्याने वाहतूक ठरावीक ठिकाणी तुंबते. 2013च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांबरोबर सुडॉफ हे शास्त्रज्ञही होते.

चौकस:
‘तुंबते’? हा परळजवळच्या, दर पावसात पाणी भरणाऱ्या हिंदमात्याचा शब्द झाला. ‘अवरुद्ध होते’ लिहा.

विरारफास्ट:
परळला शिकवतो मी, ‘तुंबते’च राहील. पुटिका आणि नियमन घेतले. बोरिवली आलं, बसायला मिळालं.