महसीर बोटुकलीसाठी प्रजनक कसे निवडावेत?

प्रश्न
जलाशयात गळाच्या मासेमारीसाठी महसीरची (टोर खुद्री) बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडायची आहे. तळ्यात 12 माद्या आणि 3 नर आहेत, माद्या 2 ते 5 किलोच्या. सर्वांत मोठ्या 4 माद्या आणि एकच दांडगा नर घेतला तर चालेल का? शिवाय काढलेली अंडी निम्म्याहून जास्त पहिल्याच दिवशी पांढरी पडतात.

उत्तर 1
वजन नंतर, आधी पक्वता बघा. पोट मऊ हवं, जननछिद्र लालसर आणि फुगीर. शेपटीच्या दिशेने हलकं दाबलं की अंडी सुटी, पिवळी-केशरी यायला हवीत. जोर लावावा लागला तर मादी परत सोडा, ती अंडी कच्ची असतात. अंड्यांबरोबर गढूळ पाणी आणि पांढरे दाणे आले तर उशीर झालाय. नुसतं पोट सुटलेलं बघून फसू नका, भरपूर खाद्यावरच्या माद्यांत ती चरबीही असते.

नराचं वीर्य दुधासारखं घट्ट हवं. पहिला थेंब पुसून टाका, त्यात लघवी असते आणि तिने शुक्राणू आधीच जागे होऊन वाया जातात.

उत्तर 2
एक नर? अजिबात नको. पुढच्या पिढीत किती माशांइतकी आनुवंशिक विविधता उतरते, ती परिणामकारक संख्या = 4 × नर × माद्या ÷ (नर + माद्या). तुमच्या निवडीत ती 3.2 येते. सगळे 15 वापरले तरी 9.6, आणि 12 नर मिळाले तर 24. म्हणजे माद्या नाही, नर वाढवा. प्रत्येक मादीची अंडी दोन-तीन वाट्यांत वाटून प्रत्येक वाटीला वेगळा नर द्या. वीर्य एकत्र कालवलं तर एखादाच नर बाजी मारतो.

आणि मासे त्याच नदीखोऱ्यातले हवेत. कावेरीत बाहेरून सोडलेला खुद्री पसरला, त्याच काळात तिथला वशिंडाचा महसीर घटत गेला.

प्रश्नकर्ता
वाटीत थोडं पाणी आधीच घेतो, त्यामुळे पांढरी पडत असतील का?

उत्तर 1
बहुतेक तेच. पाणी लागलं की शुक्राणू आत शिरायचं अंड्याचं सूक्ष्म छिद्र लवकर मिटतं, आणि शुक्राणूही जेमतेम मिनिटभर धावतात. मासा फडक्याने कोरडा करा, वाटी कोरडी ठेवा, अंडी-वीर्य पिसाने कालवा, मगच पाणी. ट्रेमध्ये एकच थर, पाणी वाहतं. पांढरी अंडी रोज वेचा, नाहीतर बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर चढते.