साठीनंतर टेस्टोस्टेरॉन कमी आलं, तर इंजेक्शन घ्यावं की आधी पोट उतरवावं?

रावेरकर
राम राम मंडळी. मोठ्या काकांच्या (वय ६३) रिपोर्टवरून घरात वाद चाललाय. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, २४० आलं आणि ओळखीतल्या एकाने लगेच इंजेक्शनं सुचवली. माझा विरोध आहे. रक्त दुपारी जेवून दिलेलं होतं. हा हार्मोन सकाळी जास्त असतो, जेवल्यावर उतरतो. म्हणून सकाळी उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासल्याशिवाय निदान करू नये, असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीचं २०१८ चं मार्गदर्शन सांगतं.

त्याच रिपोर्टात एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.३ आहे, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही! काकांची कंबर १०४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांत ९० च्या वर धोका धरतात. पोट सुटलं की रक्तात इन्सुलिन वाढतं, मग टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन यकृत कमी बनवतं आणि एकूण आकडा खाली येतो. शिवाय चरबी काही टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकते. आधी पोट आणि साखर बघा.

भुसावळचे नाना (रेल्वेतून निवृत्त)
भाऊ, अर्धंच सांगितलंस. सकाळ-दुपारचा फरक तरुणांत मोठा असतो, साठीनंतर बराच कमी होतो. २४० सकाळी ४०० होणार नाही.

आणि ऑस्ट्रेलियातला २०२१ चा अभ्यास वाच. ५० ते ७४ वयाचे, कंबर ९५ च्या पुढे असलेले हजारावर पुरुष, साखर उंबरठ्यावर किंवा नुकती पलीकडे गेलेली. आहार-व्यायाम सगळ्यांना होता. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉन, निम्म्यांना औषध नसलेली नुसती सुई. दोन वर्षांनी साखर मधुमेहाच्या पातळीवर असलेले पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात २१. हा फरक लहान आहे का?

आमच्या वयाच्या माणसाने थकवा सांगितला, इच्छा राहिली नाही म्हटलं, की ‘आते वय व्हयी गयं’ म्हणून वाटेला लावतात. बायकोपाशीही बोलता येत नाही. या दुःखाची कोणी दखल घेतो का?

धुळ्याची डॉक्टर
नाना, तुमचं दुःख खरं आहे, त्याला ‘वय झालं’ म्हणणं मला पटत नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू: इंजेक्शनवाल्यांपैकी २२ टक्के लोकांचं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेलं, म्हणजे रक्त दाट झालं, दुसऱ्या गटात जेमतेम १ टक्का. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, माणूस घामाने सुकतो, तेव्हा मला याची जास्त धास्ती वाटते.

२०२३ मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या औषधाचीच ट्रॅव्हर्स नावाची चाचणी आली. पाच हजारांवर पुरुष, टेस्टोस्टेरॉन ३०० च्या खाली, लक्षणं असलेले, हृदयविकार असलेले किंवा धोक्यातले. हार्ट अटॅक, पक्षाघात वाढला नाही, हे मान्य. पण हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात गुठळी जास्त दिसली, पुढे हाडं मोडण्याचं प्रमाणही जास्त निघालं. आणि त्यातल्या साखर उंबरठ्यावर असलेल्यांचा मधुमेह या औषधाने टळला नाही. म्हणून साखरेसाठी म्हणून मी हे लिहून देत नाही.

भुसावळचे नाना
ताई, ट्रॅव्हर्समध्ये जेल होतं, ऑस्ट्रेलियात इंजेक्शन. शिवाय ऑस्ट्रेलियात सोबत आहार-व्यायामाचा कार्यक्रम होता. दोन्ही एका मापाने कसे मोजता?

धुळ्याची डॉक्टर
हा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच तो कार्यक्रम आधी करा म्हणते. टेस्टोस्टेरॉन न मिळालेल्यांपैकीही बहुतेकांची साखर मधुमेहाच्या खाली होती.

शहाद्याचा शेतकरी
आमच्याकडे पूर्वी म्हातारी माणसं बांधावर पायी जायची, आता बाईकवर जातात. शेवभाजीवर तर्री आणि वरण-बट्टीवर तूप मात्र तेवढंच. गाव सोडून चाळीस वर्षं नोकरी केलेल्यांचं तर विचारूच नका.

रावेरकर
दादा, कळण्याची भाकरी आणि भरीत आम्ही सोडणार नाही, रात्री दहाचं जेवण सोडू. नुसत्या मेहरूण तलावाच्या फेऱ्यांनीही भागणार नाही, स्नायूंसाठी वजनं उचलायला हवीत. वजन चांगलं उतरलं की टेस्टोस्टेरॉन आपोआप चढतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. काका घोरतातही, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही तपासायला हवं.

भुसावळचे नाना
आणि वजन उतरूनही सकाळचे दोन्ही आकडे खालीच आले तर? तेव्हा पुन्हा ‘अजून चाला’ म्हणाल?

धुळ्याची डॉक्टर
नाही म्हणणार. एलएच आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या तपासण्या करू, म्हणजे दोष वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत ते कळेल. युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या पुरुषांच्या अभ्यासात (२०१०) लक्षणं आणि कमी आकडा दोन्ही जुळणारे सुमारे २ टक्केच निघाले. पण तुम्ही त्यात असलात तर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि हिमॅटोक्रिट बघून औषध नक्की देईन, आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासायला बोलवेन.

भुसावळचे नाना
हे पहिल्याच भेटीत रुग्णाला सांगत जा, ताई. वजन उतरवूनही भागलं नाही तर औषधाचं दार उघडं आहे हे कळलं, तर माणूस चालायला तयार होतो.

रावेरकर
काकांची सकाळची तपासणी सोमवारी ठरली. एचबीए१सी आणि लिपिडही त्यातच करतोय. इंजेक्शनवाल्याला तोवर ‘नको’ असं कळवलंय.