जुनी मियाटा घरीच सांभाळायची आहे: सुरुवात कुठून करू?

मोकळंआभाळ

नमस्कार मंडळी,

कित्येक वर्षं मनात होती ती गाडी अखेर दारात उभी आहे. माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा, पहिली पिढी, १९९० चं मॉडेल, १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, बटण दाबलं की वर येणारे पुढचे दिवे. गाडी चालते, पण बराच काळ तिच्याकडे कुणी नीट पाहिलेलं नाही. सकाळी सुरू केली की इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक येते, जरा तापली की थांबते. क्लचचं पेडल मधूनच पोकळ लागतं, दोनदा दाबलं की मग गिअर पडतो. टायमिंग बेल्ट (क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) कधी बदलला याची कागदोपत्री नोंद नाही.

मोटरसायकलचं सगळं काम मी स्वतः करतो, त्यामुळे पाना हातात धरायची भीती नाही. पण चारचाकीखाली कधी शिरलेलो नाही. सॉकेट सेट आणि ट्रॉली जॅक आहे. डोक्यात मॉडिफिकेशनची यादी तयार आहे: कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) टाकून गाडी खाली घ्यायची, एअर इनटेक, एक्झॉस्ट आणि पुढेमागे टर्बो. अधूनमधून ट्रॅकवर न्यायचीही इच्छा आहे. जाणकारांनी क्रम सांगावा. घरी काय करावं आणि कशाला हात लावू नये, हेही सांगा.

पानापक्कड

अभिनंदन! फार गुणी गाडी घेतलीत. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, ताकद मागच्या चाकांना, वजन हजार किलोच्या आत. घरी काम शिकायला याहून चांगली स्पोर्ट्स कार मला माहीत नाही. म्हणूनच कळकळीने सांगतो, ती यादी सध्या बाजूला ठेवा. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, तशी आधी करा. रबर वाळलेलं, तेल जुनं आणि सांधे सैल असताना महागडा भाग बसवला, तर त्याने काय फरक पडला हे कळायला मार्गच उरत नाही.

पहिली खरेदी म्हणजे चार जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना). नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. पुढून उचलताना जॅक क्रॉसमेंबरच्या (पुढच्या चाकांमधल्या आडव्या भागाच्या) मध्यावर लावा, मागून डिफरन्शियलखाली (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीखाली). पोटाशी दोन लांब पोकळ पट्ट्या दिसतील. त्या भार घेतील असं वाटतं, पण पत्रा पातळ आहे, हमखास चेपतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल जोडणारी ॲल्युमिनियमची फ्रेम आहे, तिलाही जॅक नको. स्टँडवर ठेवल्यावर गाडी हाताने जोर लावून हलवून पाहा, तसूभरही सरकली नाही तरच खाली जा.

आता तुमच्या तक्रारी. टकटक ही हायड्रॉलिक टॅपेटची आहे, म्हणजे तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हचं अंतर जुळवणाऱ्या छोट्या भागांची. या इंजिनात ती नेहमी ऐकू येते आणि तापल्यावर थांबत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ताजं तेल आणि चांगला फिल्टर टाका, बराच फरक पडतो. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेला आहे, तिथवर हात पोचवायला थोडी कसरत होते. काढताना तेल सांडणारच, खाली फडकं घालून ठेवा.

क्लचचं जे वर्णन केलंत ते स्लेव्ह सिलिंडरचं आहे, म्हणजे पेडलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचं. गिअरबॉक्सच्या कडेला तो बसवलेला असतो. त्याच्या टोकाचं रबरी बूट बोटाने हळूच मागे सरकवा. आत ओल दिसली की तो गेला म्हणून समजा. मास्टर (पेडलपाशी असलेला सिलिंडर) आणि स्लेव्ह दोन्ही एकाच वेळी बदला. नवा स्लेव्ह जास्त दाब धरायला लागला की जुन्या मास्टरचं रबरही फार दिवस टिकत नाही.

बेल्टची नोंद नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही, असंच धरून चाला. साधारण १,००,००० किलोमीटरला तो बदलायचा असतो, आणि वयानेही रबर जातं. समाधानाची गोष्ट एवढी की या १.६ इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत. गाडी रस्त्यात उभी राहते, इंजिन वाचतं. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत नाही, पण त्याच्यापर्यंत पोचायला तेच सगळं उघडावं लागतं. त्यामुळे पंप, टेन्शनर, आयडलर आणि पुढची ऑइल सील एकाच बैठकीत उरकून घ्या.

आणि १९९० ची गाडी आहे म्हणून एक महत्त्वाचं. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये क्रँकशाफ्टचं पुढचं नाक आखूड होतं. तिथली चावी (पुली जागेवर धरणारा धातूचा छोटा तुकडा) आणि खाच झिजते, पुली डुलायला लागते, टायमिंग सरकतं आणि गाडी ओढत नाही. क्रँक पुलीच्या तोंडाशी खाचा मोजा. चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर नंतरचं सुधारलेलं. मोजून इथे कळवा, मग पुढचं बोलू.

गिअरपाणी

वर सगळं आलंच आहे, फक्त तेलाबद्दल. गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९० जीएल-४ घाला (जीएल-४, जीएल-५ या गिअर तेलाच्या प्रती). डिफरन्शियलला जीएल-५. जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या (गिअर जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला मानवत नाहीत, म्हणून डबे बघून घ्या. आणि तेल काढायचा बोल्ट सोडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय ना, ते बघा. तो जाम असेल आणि तेल आधीच काढलं असेल तर गाडी जागची हलवता येत नाही.

गिअर लिव्हरखाली दोन रबरी बूट असतात. ते फाटले की खालची गरम हवा आणि आवाज केबिनमध्ये येतो. ते बदलाल तेव्हा लिव्हर ज्या टरेटमध्ये (मुळाशी असलेल्या कोशात) बसतो त्यातलं जुनं तेल काढून नवं घाला. त्याचं तेल गिअरबॉक्सपासून वेगळं आहे, आणि बहुतेकांनी ते कधीच बदललेलं नसतं. थंडीत दुसरा गिअर अडखळत असेल तर एवढ्यानेही तो मऊ पडतो.

लालकॅलिपर

ट्रॅकवर जायचं म्हणताय ना, मग ब्रेकला पहिला मान. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ प्रतीचं फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतं, ओल धरल्यावर १५५ पर्यंत येतं. ट्रॅकवर एवढी उष्णता सहज तयार होते. फ्लुइड उकळलं की नळीत बुडबुडे आणि पेडल थेट तळाला. दोन वर्षांनी बदला, आणि ट्रॅकवर जाणार असाल तर त्याआधी बदला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ चालतं, नावावरून गोंधळू नका.

आता मागच्या पॅडचं काम, कारण इथे नवी माणसं अडतात. पुढच्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन सी-क्लॅम्पने मागे दाबता येतो. मागच्याचा दाबायला जाऊ नका, हँडब्रेकची यंत्रणा त्याच्या आतच आहे. हँडब्रेक पूर्ण सोडा. कॅलिपरच्या मागे १४ च्या पान्याने सुटणारा एक बोल्ट आहे, ते खरं तर झाकण आहे. ते काढलं की आत ४ एमएमची ॲलन की बसते. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की पिस्टन आत जातो. नवे पॅड बसवा, मग की सुलट फिरवत राहा, पॅड डिस्कला टेकून चाक अडेपर्यंत. तिथून एक तृतीयांश फेरा मागे घ्या. चाक हाताने फिरवून पाहा: हलकं घासल्याचा आवाज चालेल, अडायला नको. झाकण लावा आणि दुसरीकडेही तेच. पाच मिनिटांचं काम आहे, पण ही ॲलन की माहीत नसली तर कॅलिपर हातचा जातो.

स्लाइड पिन काढून स्वच्छ पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलंत तर रबर फुगतं.

घाटवळण

टर्बोबद्दल मी बोलतो. १.६ ला डिफरन्शियल लहान आहे, रिंग गिअर सहा इंची. १९९४ पासूनच्या १.८ गाड्यांना सात इंची दिला. ताकद वाढवली की पहिला बळी या लहान डिफरन्शियलचा जातो. शिवाय हवा मोजणारा मीटर झडपेचा आहे, क्लच मूळ ताकदीला पुरेल एवढाच. इंधन, ईसीयू (इंजिनाचा संगणक), क्लच, डिफरन्शियल, रेडिएटर एवढं सगळं पाठोपाठ येतं. ते सगळं करायची तयारी असेल तर जरूर करा, गाडी अफलातून होते; पण दोन वर्षं मूळ इंजिनावर चालवून मगच ठरवा.

इनटेक आणि एक्झॉस्टने आवाज बदलतो, वेगात फरक नावापुरता. त्याऐवजी टायर. मूळ माप १८५/६० आर १४, चार बोल्ट, १०० पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, एमएममध्ये). चांगले ताजे टायर आणि नीट व्हील अलाइनमेंट यांनी ही गाडी जितकी बदलते तितकी कुठल्याही एका भागाने बदलत नाही. पुढे-मागे दोन्हीकडे कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) जुळवता येतो. मात्र खालच्या आर्मचे एक्सेंट्रिक बोल्ट गंजून बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी आवरणात) चिकटलेले असतात. अलाइनमेंटला न्यायच्या आठवडाभर आधीपासून त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारत राहा.

मोकळंआभाळ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. खाचा मोजल्या, चार आहेत. म्हणजे आखूड नाक. पुली बाजूने निरखली, डुलताना दिसत नाही. स्लेव्हच्या बुटात ओल होतीच, दोन्ही सिलिंडर मागवले आहेत. इंजिनाच्या पाठीमागे, फायरवॉलच्या बाजूला तेल दिसतंय आणि ते गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागावर (बेलहाउसिंग) ओघळलंय. क्रँकशाफ्टची मागची मुख्य सील गेली असेल का? त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल ना?

कॉइलओव्हरबद्दल अजून कुणी बोललं नाही. आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे घेतल्याने फुकटात फरक पडतो असं ऐकलंय, ते खरं का?

पानापक्कड

गिअरबॉक्सला हात लावू नका अजून. सिलिंडर हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा) आहे, त्याचा रबरी ओ-रिंग वयाने कडक होतो आणि तेल नेमकं तिथेच उतरतं. ओ-रिंग एवढासा असतो. काढण्याआधी सेन्सर आणि हेड दोन्हीवर मिळून एक बारीक रेघ ओढा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. मग सगळं पुसून काही दिवस चालवा. तरी ओलं झालं तर व्हॉल्व्ह कव्हरची गास्केट बघा, सील सगळ्यात शेवटी.

आखूड नाक असलं तरी पुली डुलत नाही तर निर्धास्त चालवा. बेल्टच्या कामात क्रँकचा मधला बोल्ट सोडायची वेळ आली, तर तो नवा घाला, चावी आणि खाच बोटाने चाचपून पाहा आणि मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळा. इथे इम्पॅक्ट गनने अंदाजे आवळणं नको. एवढं एक काम पहिल्यांदा अनुभवी माणसाला शेजारी उभं करून करा, असं मी म्हणेन.

टायमिंगचं खरं आहे. मूळ १० अंश असतं, बरेच जण १४ ठेवतात. त्याच सेन्सरचा १२ चा बोल्ट सैल करून तो केसभर फिरवायचा. त्याआधी बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डब्यात टीईएन आणि जीएनडी या दोन जागा वायरीने जोडायच्या, नाहीतर ईसीयू आपलं टायमिंग स्वतःच हलवत राहतो. टायमिंग लाइटने बघा, आवळा, पुन्हा बघा, वायर काढा. मात्र या इंजिनाला नॉक सेन्सर (इंधन अवेळी पेटल्याची खडखड ओळखणारा) नाही. जास्त ऑक्टेनचं इंधन कायम मिळणार असेल तरच करा, आणि चढावर जोर देताना खडखड ऐकू आली तर लगेच मागे घ्या.

घाटवळण

गाडी खाली घेण्याबाबत माझं मत: नका घेऊ, निदान पहिल्या वर्षी. सस्पेन्शनचा प्रवास मुळातच कमी आहे. खाली घेतली की ती बंप स्टॉपवरच (सस्पेन्शन तळाला आदळू न देणाऱ्या रबरावर) टेकून चालते, आणि वळणात खड्डा आला की मागचं चाक उडतं.

लालकॅलिपर

घाटवळण, अर्धं पटलं. स्वस्तातले कॉइलओव्हर नकोतच. पण तीस वर्षांपूर्वीचे शॉक ॲब्सॉर्बर ठेवून ट्रॅकवर जाणंही बरोबर नाही. मूळ उंचीच्या जवळपास राहणारे चांगले शॉक, नवे बंप स्टॉप आणि नवी बुश, एवढं मी पहिल्याच वर्षी करेन. ट्रॅकसाठी रोल बार मात्र अनिवार्य धरा. कापडी टप असो की हार्डटॉप, गाडी उलटली तर दोन्ही डोकं वाचवत नाहीत. बारला डोकं लागू शकतं तिथे कडक पॅडिंग लावा.

घाटवळण

शॉकचं मान्य. उंची मूळच्या आसपास राहणार असेल तर माझी हरकत नाही.

पावसाळीटप

सगळे इंजिनात गुंतलेत, म्हणून गंजाची आठवण करून देतो. कापडी टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून खाली जातं. तिथे पालापाचोळा साचला की पाणी सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पट्टीत) मुरतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आत फार काही उरलेलं नसतं. मऊ प्लॅस्टिकची नळी हलक्या हाताने फिरवून भोकं मोकळी करा आणि पाणी ओतून खालून बाहेर पडतंय ना ते बघा. टप खाली करण्याआधी मागच्या प्लॅस्टिक खिडकीची चेन उघडायची, नाहीतर घडीत ती तडकते.

रेडिएटरची वरची प्लॅस्टिक टाकीही बघा. मूळ रंग काळा असतो. पिवळट-तपकिरी झाली असेल तर कधीही फुटेल, वाट बघू नका.

मोकळंआभाळ

टाकी अगदी तपकिरी आहे! रेडिएटर, होज आणि थर्मोस्टॅट यादीत सगळ्यात वर घेतले. क्रम असा धरतोय: कूलिंग आणि क्लच, मग ब्रेक, मग बेल्ट, मग शॉक आणि टायर. एक शेवटचा प्रश्न, बॅटरी डिकीत आहे आणि बदलायला झालीय. साधी टाकली तर चालेल का?

गिअरपाणी

साधी नको. डिकी बंद जागा आहे आणि साध्या बॅटरीतून निघणारा वायू तिथेच कोंडतो, ॲसिडची वाफ पत्राही खाते. सीलबंद एजीएम प्रकारची (ॲसिड काचेच्या धाग्यांच्या थरात धरून ठेवणारी) घ्या, आणि तिला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या जोडायची सोय आहे ना ते विकत घेतानाच बघा. जुनी काढाल तेव्हा त्या नळ्या गाडीतच राहू द्या, बऱ्याच वेळा त्या बॅटरीबरोबर फेकल्या जातात.