आजीचं पोर्ट्रेट काढायचंय, पण ती ताठ बसते

आजी ८२ वर्षांची, एरवी मस्त गप्पा मारते पण कॅमेरा वर केला की एकदम पासपोर्ट फोटो. माझ्याकडे ५० एमएम १.८ लेन्स आहे (झूम न होणारी, कमी उजेडातही चालणारी). काय करू?

उत्तर १: ही लेन्स पुरेशी आहे. खिडकीशेजारी जरा तिरकं बसव, घरातले दिवे बंद कर आणि हातात काम दे, लसूण सोलणं, वाती वळणं काहीही, हात गुंतले की चेहरा सैल होतो.

उत्तर २: आणि साडी, जागा तिलाच ठरवू दे ना! माझ्या आईनं शिलाई मशीनच निवडलं, मधेमधे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवत गेले तर म्हणाली हनुवटी जरा खाली हवी होती, आणि खरंच हवी होती. तो फोटो आम्ही दोघींनी मिळून काढलाय.

प्रश्नकर्ता: वातींचं भारी आहे! उद्या सकाळीच बसवतो, साडी तिच्या पसंतीची.