मदत हवी आहे: धनेशावरून इलेक्ट्रिक कारचं डिझाईन

नमस्कार मंडळी, डिझाईनच्या फायनल इयर प्रोजेक्टला कॉन्सेप्ट इलेक्ट्रिक कार करालोय, शेप घेतलाय खानापूरच्या जंगलातल्या धनेश पक्ष्याचा. स्केचमध्ये भारी दिसालंय पण अडकलोय दोन ठिकाणी. बॅटरी फ्लोअरखाली सपाट बसवायची म्हटलं की गाडी उंच होते आणि पोटाची गोलाई जाते, आणि मागची बाजू थेंबासारखी निमुळती करत नेली तर मागच्या सीटवर डोकं छताला लागतंय. मग शेपूट मध्येच सरळ कापावी काय? आणि कापायची तर कुठं?

मर्सिडीजनं २००५ मध्ये बॉक्सफिश माशावरून बायोनिक कार केलेली, ड्रॅग (हवेच्या विरोधाचा आकडा, जितका कमी तितका चांगला) ०.१९ सांगितलेला, पण ती डिझेलची, त्यामुळं बॅटरीचं कोडं तिथं सुटत नाही. चोच ग्रिलसाठी वापरू नको म्हणतोय मित्र, इलेक्ट्रिकला मोठी ग्रिल लागत नाही म्हणे, पण बॅटरी थंड ठेवायला हवा कुठून घेऊ?

अजून एक, एकास चार मॉडेल करायचंय. क्ले महाग पडतंय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) करणारे असं वळणाचं काम घेतात काय, की थर्माकोल कापून वर फायबर मारू? कुणी केलं असेल तर सांगा की.