रत्नागिरीला "अर्धा दिवस पुरे"? आधी मिरकरवाडा बंदरावर या, मग बोलू

झाडगावकर
परवा इथे एका पुणेकराने लिहिलं, "रत्नागिरी: अर्धा दिवस पुरे." वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला, थिबा राजवाडा बाहेरून पाहिला, मांडवीची वाळू काळी म्हणून नाक मुरडलं, हायवेजवळ सुरमई थाळी मागवली, तुकडा कापसासारखा लागला. निष्कर्ष काय, तर मालवणी जेवणाची नुसती हवा आहे, शहरात थांबू नका, सरळ गणपतीपुळं गाठा.

दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. मासे अंडी घालतात, समुद्र खवळलेला असतो. त्या आठवड्यात तुमच्या ताटात आलेली सुरमई बर्फातली असणार. तुम्ही मागितली, त्याने दिली. आमच्या घरी तेव्हा खारा बांगडा निखाऱ्यावर भाजतात, कुळथाचं पिठलं होतं, भारंगी आणि टाकळा या पावसाळी भाज्या येतात, खाडीतल्या कुर्ल्या (खेकडे) मिळाल्या तर सण. यातलं तुम्ही काय विचारलंत?

आणि मालवणी कसलं? मालवण इथून गाडीने साडेतीन-चार तासांवर. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीच वेगळा झाला. आमच्या आईच्या बांगड्याच्या तिखल्यात (घट्ट कालवणात) तिरफळं, आमसूल, लाल मिरची आणि वर कच्चं खोबरेल. ही चव इथली आहे, तिला इथलं नाव द्या.

राजवाड्याचंही तेच. ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, राजा थिबा १८८५ साली राज्य गमावून बसला, पुढच्या वर्षी त्याला इथे आणून ठेवलं. राजवाडा उभा राहिला १९१० मध्ये, म्हणजे चोवीस वर्षं तो माणूस दुसऱ्यांच्या बंगल्यांत राहिला. १९१६ साली इथेच गेला. वर चढून भाट्याच्या खाडीकडे पाहिलं की दिवसभर त्याच्यासमोर काय होतं ते कळतं. हे बाहेरून कसं कळणार? त्याची कबर शिवाजीनगरला आहे. २०१६ साली शंभर वर्षं झाली तेव्हा म्यानमारचे उपराष्ट्रपती तिथे येऊन गेले. आमच्याकडचे पाहुणे मात्र रिक्षावाल्यालाही विचारत नाहीत.

भटका पुणेकर
तो लेख माझाच. बंदी असते हे मला ठाऊक नव्हतं, मान्य. पण ते सांगायचं काम कोणाचं? मेनूकार्डावर "ताजी सुरमई" लिहिलं होतं. साडेचारशे रुपये मी मोजले, तुम्ही नाही. पाहुण्याने आधी मत्स्यखात्याचं वेळापत्रक पाठ करून यायचं का?

फणसपोळी
दोघेही मासे सोडून बोला. कोकण म्हटलं की ताटात मासाच हवा हे कोणी ठरवलं? माझ्या आजीच्या हातचं सांदण, केळीच्या पानातली पानगी, फणसाची भाजी, उकडीचे मोदक, अळूचं फदफदं, हे रत्नागिरीचं जेवण नाही? माझ्या नवऱ्याला घेऊन राम आळीपासून मारुती मंदिरापर्यंत फिरले, घावणे आणि नारळाचा रस देणारं एक ठिकाण सापडलं नाही. शेवटी पनीर खाल्लं. रत्नागिरीत येऊन पनीर!

मांडवीची ताई
फणसपोळी, घावणे सकाळी सातला संपतात गं. दुपारी बाराला शोधलेस तर कसे मिळणार? मी चौदा वर्षं घरून डबे देते, शाकाहारी आणि माशांचे दोन्ही. सांदणाला वेळ लागतो, हॉटेलवाल्याला परवडत नाही. आदल्या दिवशी फोन केला तर मी करून देते, माझ्यासारख्या बाया गल्लोगल्ली आहेत. पण पाटी लावायला लाज वाटते बऱ्याच जणींना, घरचे काय म्हणतील म्हणून. ते बदललं पाहिजे, एवढं तुझं खरं.

झाडगावकर
फणसपोळी, "आमचं तेच खरं रत्नागिरीचं" या सुरात बोलू नका. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो यावर या गावात मोठं रण झालं आहे. १९३१ साली भागोजी कीरांनी सर्व जातींना खुलं असं पतितपावन मंदिर बांधलं, सहभोजनं झाली, १९३३ साली सावरकरांनी सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह काढलं. मिरकरवाड्यातल्या मुसलमान दर्यावर्दी घरांतलं कालवण विसरून या शहराचं जेवण सांगताच येत नाही.

फणसपोळी
मी कोणाचं ताट काढून घेतलेलं नाही. माझंही ताट मांडा, एवढंच म्हणतेय. माझ्या तोंडी नको ते घालू नका.

बंदरावरचा
सुरमई सुरमई काय चाललंय? सगळ्यांना सुरमई, पापलेट, कोळंबी हवी, म्हणून तर समुद्र रिकामा झाला. सौंदाळे, मुडदुशी, तारली कोण मागतं? माझा बाप वल्ह्याच्या होडीने जायचा, पहाटे निघून दहाला परत. टोपलीभर बांगडा आणायचा, आई डोक्यावरून वाडीवाडीत विकायची. आज मी इंजिन लावून तासभर आत जातो आणि डिझेलचे पैसे निघत नाहीत. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांचे बोटवाले पूर्ण थवाच्या थवा घेरून उचलतात. २०१६ च्या आदेशाने त्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम दिला. जानेवारीत रात्री जेट्टीवर येऊन बघा कोण काय उतरवतंय. तुमच्या थाळीचा वाद नंतर करा.

रातांबा
हे मला ठाऊकच होतं, फिरून फिरून पर्ससीनवर येणार. माझा भाऊ पर्ससीन बोटीवर तांडेल (बोटीचा प्रमुख) आहे. बोटीवर पंचवीस माणसं, निम्मे खलाशी नेपाळचे, सगळ्यांची घरं त्यावर चालतात. कर्ज काढून बोट बांधली तेव्हा परवाना सरकारनेच दिला ना? १२ सागरी मैलांच्या पुढे केंद्राची हद्द लागते, तिथे राज्याचा हंगाम कसा लावता? आणि बांगडा एखाद्या वर्षी येत नाही तो फक्त जाळ्यामुळे? पाणी तापतंय, ट्रॉलर तळ खरवडतायत, परराज्यातल्या बोटी येतात. दोष मात्र आमचा.

बंदरावरचा
बारा मैलांच्या पुढे जातो तर मग माझं जाळं कोण फाडून गेलं? किनाऱ्याजवळ, पाच वाव खोल पाण्यात टाकलं होतं मी. ऐंशी हजारांचं जाळं. तक्रार केली, बोटीचा नंबर दिला, काही झालं नाही. तुझ्या भावाला विचार, मासे ओढायला एलईडी दिवे लावून समुद्रात दिवाळी कोण करतं.

रातांबा
भावावर जाऊ नकोस. एलईडी लावणाऱ्यांना आमच्याच लोकांनी बंदरात अडवलं आहे. एक वर्षी बायकोचे दागिने बँकेत होते आणि बोट चार महिने किनाऱ्याला. तुझं जाळं फाटलं त्याचं मला वाईट वाटतं. पण ते आम्ही फाडलं असं लिहू नकोस.

बंदरावरचा
तुझ्या भावाने फाडलं असं मी म्हटलं नाही. एलईडीचं म्हणतोस ते खरं, गेल्या साली मिरकरवाड्याचे काही जण आमच्या बाजूने उभे राहिले. बाकीचं मी मागे घेणार नाही.

भटका पुणेकर
मी थाळीबद्दल लिहिलं होतं. एवढं सगळं त्यामागे असेल असं वाटलं नव्हतं. "मालवणी जेवणाची हवा" हे वाक्य मी लेखातून काढतो, ते चुकलं. "ताजी" लिहून शिळं देणाऱ्याबद्दलचं वाक्य मात्र राहील. ते तुम्हीही बोललं पाहिजे. पाहुण्याला हसता आणि त्या हॉटेलवाल्याला काहीच म्हणत नाही.

झाडगावकर
हे बरोबर आहे, आम्ही त्याला बोलत नाही. ओळखीचा निघतो म्हणून बोलत नाही.

परत याल तर सप्टेंबरनंतर या, आणि पहाटे. मिरकरवाड्याला लिलाव पाहा, पण विकत घेताना "आज काय आलंय" एवढंच विचारा. तिथून रत्नदुर्गावर चढा, तीन बाजूंनी पाणी आहे, दीपगृहाजवळ वारा उभं राहू देत नाही. उन्हं चढली की सागरी जीवशास्त्र केंद्राचं मत्स्यालय, तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. मुलं असतील तर निघणार नाहीत. संध्याकाळी भाट्याचं सुरूबन. मांडवीची काळी वाळू सूर्य बुडताना पाहिलीत तर पुन्हा नाक मुरडणार नाही. गणपतीपुळ्याला जायचंच तर दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने, हायवेने नाही.

मांडवीची ताई
आणि जेवायचं आदल्या दिवशी कळवा. मुळे (शिंपल्या) मिळाले तर मुळ्यांचं सुकं करीन, सुरमई करणार नाही. फणसपोळी, मे महिन्यात आलीस तर सांदण. तुझ्या नवऱ्याला पनीर लागत असेल तर मात्र माझ्याकडे नाही.

फणसपोळी
नवऱ्याला मी समजावते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, चार ताटं.

बंदरावरचा
मे संपायच्या आत या. १ तारखेला होडी वर ओढायची आहे.